रत्नागिरी ते मछलीपट्टण, रोड बाईकवरून : दिशा, महिना आणि टायर यांबाबत सल्ला हवा

सातरस्तेकर

सर्वांना नमस्कार.

मी सोलापुरात राहतो, वय ४६, काम बैठे. गेले काही हिवाळे नियमित सायकल चालवत असून ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकल-उपक्रमातील २०० आणि ३०० किलोमीटरची अंतरे ठरलेल्या वेळेत, म्हणजे अनुक्रमे साडेतेरा आणि वीस तासांच्या आत, पूर्ण केलेली आहेत. मात्र सलग आठ-नऊ दिवस रोज शंभराच्या वर जाण्याचा प्रसंग अद्याप आलेला नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हापासून एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाण्याची कल्पना मनात घर करून आहे. त्यांचे अंतर सुमारे ४,८०० किलोमीटरचे होते आणि पाठीशी मदतीच्या गाड्या होत्या. माझ्या आवाक्यात त्याचा पाचवा हिस्सा बसतो, तोही एकट्याने आणि सामान स्वतः वाहून.

नकाशा पाहिला तर या कामासाठी सोलापूरची जागा फार सोयीची आहे. रत्नागिरीहून निघणारा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आंबा घाट, कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा करत सोलापुरात येऊन संपतो, आणि पुण्याहून येणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग इथून पुढे उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, हैदराबाद, सूर्यापेट, विजयवाडा असा थेट मछलीपट्टणपर्यंत जातो. म्हणजे दोनच महामार्ग धरून अरबी समुद्र ते बंगालचा उपसागर हा प्रवास होतो. ढोबळ अंतरे अशी धरली आहेत : रत्नागिरी ते कोल्हापूर १३०, कोल्हापूर ते सोलापूर सव्वादोनशे, सोलापूर ते हैदराबाद ३१०, हैदराबाद ते विजयवाडा २७५ आणि पुढे मछलीपट्टण ७० किलोमीटर, एकूण हजाराच्या थोडे वर.

सायकल अॅल्युमिनियम फ्रेमची साधी रोड बाईक आहे. ब्रेक रिमचे, टायर २५ मिलिमीटरचे, पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या, मागे ११ ते २८. कॅरिअर बसवण्यासाठी फ्रेमला भोके नाहीत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भाट्याच्या किनाऱ्यावरून निघावे आणि मछलीपट्टणजवळच्या मंगिनपुडीच्या किनाऱ्यावर पोहोचावे, असा विचार आहे. अमेरिकेत असा प्रवास करणारे निघताना मागचे चाक एका समुद्रात भिजवतात आणि पोहोचल्यावर पुढचे चाक दुसऱ्या समुद्रात भिजवतात, ती रीतही पाळायची इच्छा आहे. रजा दहा दिवसांची मिळेल.

आता विचारायचे ते असे. हा महिना योग्य आहे का? एवढ्या अंतरासाठी हे टायर आणि हे गिअर चालतील, की काही बदल करावाच लागेल? आणि वाटेतच स्वतःचे घर लागते, याचा फायदा करून घ्यावा की तोटा टाळावा?

वारेमाप

सातरस्तेकर, आराखडा चांगला आहे, पण त्यातली एक गोष्ट उलटी करावी असे सुचवतो, आणि ती म्हणजे दिशा.

आपल्याकडे ऑक्टोबरपासून जानेवारी सरेपर्यंत वारा बहुतेक दिवस पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून वाहतो. फेब्रुवारीत तो फिरू लागतो, मार्चपासून पश्चिम-वायव्येचा होतो आणि जूननंतर नैर्ऋत्येचा. हिवाळ्यात पहाटे तो जवळजवळ निपचित असतो, पण ऊन चढले की नऊ-साडेनऊपासून जोर धरतो आणि संध्याकाळपर्यंत सोडत नाही. थंडीच्या दिवसांत अक्कलकोट रस्त्याला सकाळी सायकल घेऊन जाणाऱ्याला हे निराळे सांगायला नको. जाताना तो रस्ता रडवतो आणि येताना घरी आणून सोडतो.

हा वारा किती महाग पडतो याचा हिशेब सोपा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपण ताशी २५ किलोमीटरने चाललो आहोत आणि समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आहे असे धरले, तर शरीराला लागणारी हवा ताशी ३५ ची होते आणि रोध निवांत हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो. तोच वारा पाठीमागून असेल, तर लागणारी हवा १५ ची राहते आणि रोध निवांत हवेच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. दहाचा वारा म्हणजे काही वादळ नव्हे, झाडाची पाने सळसळत राहतील इतकाच. आपण रोज सहा-सात तास खोगिरावर असणार आणि त्यातले निदान चार तास वाऱ्याचे असणार. हे आठ दिवस सोसायचे की आठ दिवस उपभोगायचे, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून जानेवारीत जायचे असेल तर मछलीपट्टणहून निघून रत्नागिरीला यावे. चढाची धास्ती बाळगू नये. विजयवाडा समुद्रसपाटीपासून वीसेक मीटरवर आहे आणि हैदराबाद साडेपाचशेच्या आसपास, पण हा चढ पावणेतीनशे किलोमीटरवर पसरलेला असल्यामुळे किलोमीटरमागे दोन मीटरसुद्धा पडत नाही, तो पायाला कळणारही नाही. पुढे सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर हा सगळा प्रदेश साडेचारशे ते सहाशे मीटरच्या दरम्यान खाली-वर होत राहतो. खरा उभा चढ या संपूर्ण मार्गावर एकच आहे, आंबा घाटाचा, आणि उलट्या दिशेने तो उतार होतो. त्यामुळे गिअर बदलण्याचा आपला दुसरा प्रश्नही निकालात निघतो. मागची ११-२८ ची फ्रीव्हील आहे तशीच चालेल, तो खर्च टायरवर करावा.

एक भौगोलिक बाब जाता जाता. विजयवाड्याला जी कृष्णा आपण पाहाल, तिच्यात सांगलीचे पाणी तर आहेच, पण बेगमपूरच्या पुलावरून दिसणाऱ्या भीमेचेही आहे, कारण भीमा रायचूरच्या अलीकडे कृष्णेला मिळते. मछलीपट्टण ते आंबा घाटाचा माथा हा प्रवास त्यामुळे पाण्याच्या विरुद्ध दिशेने आणि वाऱ्याच्या सोबतीने होतो. घाटमाथा ओलांडला की पाणी पश्चिमेला वळते आणि शेवटचे साठ-पासष्ट किलोमीटर आपण पाण्याबरोबर समुद्राकडे उतरता.

पश्चिमेकडून पूर्वेकडेच जायचा हट्ट असेल, तर त्यालाही ऋतू आहे, तो ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य. तेव्हा वारा पाठीशी असतो आणि आपला जिल्हा पर्जन्यछायेत असल्यामुळे मिरजेच्या पुढे पाऊस अडवून धरेलच असे नाही. पण त्या दिवसांत आंबा घाटात धुके, दरडी आणि ओला रस्ता हे तिन्ही असतात आणि आपले ब्रेक रिमचे आहेत. मी ते सुचवणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरही टाळावा, कारण आंध्रच्या किनाऱ्यावर चक्रीवादळांचे दिवस तेच. १९७७ चे दिवीसीमेचे वादळ मछलीपट्टणच्या शेजारीच, नोव्हेंबरात आले होते.

घराच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. घरी जेवावे, झोपावे आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला निघावे. विश्रांतीचा दिवस घ्यायचाच असेल तर तो हैदराबादला घ्यावा. घरी घेतलेला विश्रांतीचा दिवस दुसऱ्या दिवशी पाहुणे, तिसऱ्या दिवशी बँकेचे काम असा लांबत जातो आणि सायकल भिंतीला टेकलेली राहते.

चाकआऊट

दिशेचा मुद्दा मान्य. मी सायकलीपुरते लिहितो.

पहिले काम, ब्रेकच्या कमानीखाली आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंना किती जागा आहे ते मोजा. रिम-ब्रेकच्या बहुतेक रोड बाईकमध्ये २८ चा टायर बसतो, पण टायरवर २८ लिहिलेले असले तरी रिम रुंद असेल तर तो हवा भरल्यावर २९-३० पर्यंत फुगतो. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. नाहीतर चाक किंचित आऊट, म्हणजे वाकडे, झाले तरी टायर घासू लागतो आणि आऊट काढणारा माणूस तिथे भेटेलच असे नाही. २८ बसत असेल तर २५ च्याच टायरवर निघण्यात काहीही शहाणपण नाही. तुमचे आणि सामानाचे वजन धरून मागे ७५ ते ८०, पुढे ६५ ते ७० पौंड हवा पुरे. शंभर पौंड भरून टणक केलेल्या टायरने वेग वाढत नाही, मनगटे आणि कंबर मात्र सातव्या दिवशी बोलू लागतात.

पंक्चर कशाने होते हे समजून घेतले तर निम्मे पंक्चर टळतात. महामार्गावरचा मुख्य शत्रू खिळा नव्हे. ट्रकचा टायर फुटून त्याच्या पट्ट्या कडेला पडलेल्या असतात, त्यांतून केसासारख्या बारीक पोलादी तारा सुटतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर व झाडणीबरोबर नेमक्या आपण चालतो त्या कडेच्या पट्टीत येऊन साचतात. ही तार टायरमध्ये शिरली की हवा भसकन जात नाही, तासाभरात हळूहळू उतरते. ट्यूब बदलली तरी तार टायरमध्येच राहिलेली असते आणि दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. म्हणून ट्यूब बदलण्याआधी टायर आतून उलटा करून, कापसाचा बोळा किंवा जुना पायमोजा गोल फिरवावा. जिथे धागा अडकेल तिथे तार आहे. ती बोटाने निघत नाही, भुवया कोरायचा छोटा चिमटा लागतो. तो दहा ग्रॅमचा चिमटा माझ्या पिशवीतल्या सर्वांत उपयोगी हत्यारांपैकी आहे. सांगोला ते मिरज पट्ट्यात याच्या जोडीला बाभळीचे काटे. तिथे लघुशंकेला किंवा सावलीला थांबताना सायकल रस्त्याखाली ढकलत नेऊ नका, उचलून न्या.

व्हॉल्व्हचीही आठवण ठेवा. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असणार, आणि ट्रक-मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याच्या नळीला तो लागत नाही. दोन रुपयांच्या नाण्याएवढादेखील नसलेला पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हवरच बसवून ठेवा, म्हणजे वेळेला शोधावा लागणार नाही. तरीही त्या कॉम्प्रेसरने हवा स्वतः भरू देऊ नका. ट्रकच्या सवयीचा हात असतो, रोड बाईकची ट्यूब क्षणात जाते. हातपंपच बरा. सोबत तीन ट्यूब, पॅच, टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा, चेनची एक जोडकडी, दोन स्पोक आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, घ्या. हँगर हा प्रत्येक फ्रेमचा निराळा असतो आणि तो विजयवाड्याला काय, सोलापुरातही ऐनवेळी मिळणार नाही.

सामान खोगिराखालच्या मोठ्या पिशवीत आणि फ्रेमच्या त्रिकोणात, सगळे मिळून चार-पाच किलोच्या आत. पाठीवर पिशवी अजिबात नको.

समुद्रात चाक भिजवण्याबद्दल : भिजवा, पण टायरपुरते. हब खाऱ्या पाण्यात गेला आणि तसाच राहिला की बेअरिंग गंजते. मंगिनपुडीला पाण्याच्या बाटलीने लगेच धुवा आणि चेनला वाळू लागू देऊ नका. पहिल्याच सकाळी वाळूने भरलेली चेन घेऊन हजार किलोमीटर निघणे बरे नव्हे.

माणगंगाकाठ

वारेमाप यांनी वाऱ्याचा हिशेब चोख मांडला आहे, परंतु पश्चिमेकडे तोंड करून चालण्याला एक धोका आहे आणि त्याचा उल्लेख कुणी केलेला नाही. संध्याकाळी सूर्य समोर येतो. आपल्याला त्रास होतो तो गॉगलने निभावतो, पण आपल्या मागून येणाऱ्या ट्रकच्या काचेवरही तोच सूर्य असतो आणि धुळीने माखलेल्या त्या काचेतून कडेचा सायकलवाला दिसत नाही. जानेवारीत साडेचारनंतर हा प्रकार सुरू होतो. म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्याने चार वाजता मुक्कामाला पोहोचलेले असावे, आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. पूर्वेकडे जाणाऱ्याला हीच अडचण सकाळी सात-आठला येते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट आमच्या भागाची. जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. मंगळवेढा, सांगोला, मोहोळ हा सगळा पट्टा कारखान्यांचा आहे, आणि पहाटे तीन ते सातच्या दरम्यान रस्त्यावर उसाची वाहतूक असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, उसाची टोके दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली, मागे रिफ्लेक्टर असला तर पाचटाने झाकलेला आणि चालकाच्या कानाशी मोठ्याने गाणी. तुमची घंटा किंवा हाक त्याला ऐकू जाईल ही अपेक्षा ठेवू नका. अंधारात अशी ट्रॉली बंद पडून उभी असते ती तर त्याहून वाईट, कारण ती ट्रॉली आहे हे पुढच्या चाकापासून दहा फुटांवर कळते. पूर्वेकडे जाणारा वाऱ्याच्या आधी निसटावे म्हणून पहाटे चारला निघतो आणि नेमका यात सापडतो. तुम्ही वाऱ्यासोबत येणार असाल तर पहाटे निघण्याची गरजच उरत नाही, उजाडल्यावर निघा. तेव्हा सूर्याचा आक्षेप असूनही, एकूण विचार करता माझे मतही मछलीपट्टणहून येण्याच्या बाजूचे आहे.

मिरज ते सोलापूर रस्ता आता चौपदरी असून कडेची पट्टी बहुतेक ठिकाणी रुंद आहे. फाट्यांवर मात्र त्याच पट्टीतून समोरून उलट्या दिशेने मोटारसायकली येतात. नागज फाटा, कवठेमहांकाळ, जुनोनी, जिथे जिथे दुभाजकाची फट लांब आहे तिथे हे धरूनच चाला आणि वेग कमी करा. भांडू नका.

आंबा घाट उतरताना आपण सलग सात-आठ दिवस चालून आलेले असणार, हाताची पकड सैल झालेली असणार आणि ब्रेकचे गुटके झिजलेले असणार. कोल्हापूरला मुक्कामी थांबल्यावर गुटके काढून पाहा. रिमचे चकचकीत कण त्यांत रुतलेले असतात, ते सुईने काढून गुटक्याची बाजू सँडपेपरवर घासा, अन्यथा घाटात ते रिम खातात आणि आवाज करतात. उतरताना ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाआधी घट्ट दाबावा आणि सोडावा, म्हणजे रिम तापत नाही. आंबा ते साखरपा हा उतार सकाळी दहाच्या आधी करू नये, कारण दव आणि धुके. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर रुंदीकरणाची कामे होत असतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारलेले बरे.

पूर्वभाग

मी सोलापूरच्या पूर्वभागातला. घरी तेलुगू, दारात मराठी, दुकानात दोन्ही. नातेवाईक करीमनगर ते विजयवाडा पसरलेले आहेत, त्यामुळे हैदराबादच्या पुढचा रस्ता माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

तारखेचा बदल करावाच लागेल. जानेवारीचा दुसरा आठवडा म्हणजे संक्रांत, आणि आंध्रात संक्रांत म्हणजे आपल्याकडची दिवाळी. हैदराबादमध्ये कामाला असलेले लोक गावाकडे निघतात आणि १० तारखेपासून १४ पर्यंत हैदराबाद-विजयवाडा महामार्गावर मोटारींची रांग लागते. चौटुप्पलजवळचा पंतंगी टोलनाका दरवर्षी त्या दिवसांत बातम्यांमध्ये असतो. मग १६ ते १९ तीच गर्दी परत फिरते. शिवाय त्याच दिवसांत आपली सिद्धेश्वर महाराजांची गड्ड्याची यात्रा. सोलापूरकराने नंदीध्वज सोडून जायचे कशाला? यात्रा पाहा आणि २० जानेवारीनंतर मछलीपट्टणहून निघा. महिनाअखेरपर्यंत वाराही तोच राहतो.

मुक्काम असे बसतात. मंगिनपुडी ते विजयवाडा हा पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवावा, ऐंशी किलोमीटर. नंदिगामापर्यंत कृष्णेचा ओलावा असतो, जानेवारीच्या पहाटे त्या पट्ट्यात दाट धुके पडते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आठच्या आधी रस्त्यावर येऊ नका. दुसरा मुक्काम सूर्यापेट. हैदराबाद-विजयवाड्याच्या सगळ्या बस तिथे जेवणाला थांबतात, त्यामुळे खाण्याची आणि राहण्याची ददात नाही. तिसरा हैदराबाद, चौथा जहीराबाद, पाचवा उमरगा. तिथून सोलापूर शंभराच्या आत आहे, म्हणजे सहाव्या दिवशी दुपारी घरी. वाटेत नळदुर्गला किल्ल्यात तासभर घालवता येईल, पण त्या किल्ल्याच्या दगडी फरसबंदीवर क्लीटचे (पॅडलला अडकणारे) बूट घालून चालू नका. पुढे मिरज, कोल्हापूर, रत्नागिरी असे तीन दिवस, त्यांपैकी सोलापूर-मिरज हा पावणेदोनशेचा दिवस जड आहे. तो जमणार नसेल तर सांगोल्याला तोडा. एक दिवस हाती शिल्लक राहतो, तो कुठे लागेल ते आत्ता ठरवू नका.

हैदराबाद पार करणे हा या मार्गावरचा सर्वांत कटकटीचा भाग आहे. बाह्यवळण रस्ता, म्हणजे तिथला आऊटर रिंग रोड, मुख्य मार्गिकेवर दुचाकींना बंद आहे, सायकलीला तर तिथे प्रवेश नाहीच. पर्याय दोन. एक, रविवार गाठून सकाळी सहाला हयातनगरवरून शहरात शिरावे आणि दिलसुखनगर, कुकटपल्ली, मियापूर करत नऊच्या आत पटांचेरूला बाहेर पडावे. दोन, पेद्दा अंबरपेटपासून बाह्यवळणाच्या शेजारच्या सर्व्हिस रोडने दक्षिणेकडून फेरा घ्यावा, अंतर वाढते पण सिग्नल नाहीत. या दुसऱ्या मार्गावर नरसिंगी ते कोल्लूर भागात २०२३ मध्ये सुरू झालेला, वर सौर पॅनेलचे छत असलेला सायकल मार्ग लागतो. सगळे मिळून २३ किलोमीटरचे ते काम आहे. हिवाळ्याच्या दुपारी त्या छताखालून जाण्यासारखे सुख नाही.

भाषेची चिंता नको. हुमनाबादपर्यंत कानडी-मराठी, जहीराबादपासून हैदराबादपर्यंत हिंदी सर्वत्र चालते. सूर्यापेटच्या पुढे तेलुगू लागते, पण 'नीळ्ळु' म्हणजे पाणी, 'एन्नि किलोमीटर्लु' म्हणजे किती किलोमीटर आणि शेवटी 'अण्णा' एवढ्यावर काम भागते.

खाण्याचे सांगतो. आंध्रच्या ताटातला भात भरपूर असतो आणि तिखट त्याहून भरपूर. दुपारी पोटभर जेवून उन्हात सायकल चालवणे जमत नाही. सकाळी इडली किंवा पेसरट्टू (मुगाचा डोसा), दुपारी ताक-भात थोडा, आणि खरे जेवण रात्री. मधल्या वेळेसाठी घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या. आपली कडक भाकरी आठवडाभर काय, त्याहून जास्त टिकते, फ्रेमच्या पिशवीत मोडली तरी बिघडत नाही, आणि चटणीतले मीठ व तेल घामाच्या दिवसात कामी येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीची असेल तर अधिक काय सांगावे. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्याच्या मापाची असते. सायकलची बाटली पाऊण लिटरची असते आणि लोक तिच्यात अख्खी पुडी ओततात, तसे करू नका. द्रावण दाट झाले तर तहान भागण्याऐवजी वाढते. दुपारी तापमान तिशीच्या वर जाते, तेव्हा तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी पोटात गेले पाहिजे.

आणि मछलीपट्टणला पोहोचण्याची घाई करून लगेच परत फिरू नका. शेजारी पेडना गाव आहे, तिथे लाकडी ठशांची कलमकारी अजून चालते. आमच्यासारख्या मागावर वाढलेल्या माणसाला तिथून पाय निघत नाही. सायकलवर कापड न्यायला जागा नसेल तर ते टपालाने घरी पाठवता येते.

सातरस्तेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिशा आणि तारीख दोन्ही बदलत आहे. २१ ते २३ जानेवारीच्या दरम्यान मंगिनपुडीहून निघेन, असे कार्यालयात कळवले आहे. काल सायकल उलटी करून फटी मोजल्या. पुढे चार मिलिमीटर राहतात, मागे ब्रेकच्या कमानीखाली तीनच, म्हणजे २८ चा टायर बसेल पण काठावर. हा काठ पुरेल का? सांगोल्याचा मुक्काम ठेवतो, सलग पावणेदोनशेचा मोह नको.

घराबाबत वारेमाप यांचा सल्ला सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्यांचे म्हणणे असे की, त्या दिवशी घरी पाहुणे न बोलावण्याची जबाबदारी त्या घेतील, पण सकाळी दुकानातून दूध आणायला मात्र जावे लागेल.

आता एकच प्रश्न उरतो. सोलापूरहून सायकल घेऊन मछलीपट्टणला जायचे कसे, आणि शेवटी रत्नागिरीहून परत यायचे कसे?

पूर्वभाग

मुंबईहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस सोलापूरला थांबते आणि सिकंदराबादमार्गे विजयवाड्याला जाते. तिथून मछलीपट्टणला पॅसेंजर गाड्या आहेत. सायकल सोबत न्यायची तर तिकीट दाखवून स्टेशनच्या पार्सल ऑफिसात ती ब्रेकव्हॅनसाठी नोंदवावी लागते. गाडीच्या वेळेआधी निदान दोन तास जा, आणि फ्रेमवर नाव, फोन व पीएनआर लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी दोन ठिकाणी बांधा. विजयवाड्याला उतरल्याबरोबर आपणच ब्रेकव्हॅनच्या दाराशी उभे राहा, कारण सायकल पुढच्या स्टेशनला गेली तर परत मिळवण्यात रजेतला एक दिवस जातो.

रत्नागिरीहून परतीला एसटी. ज्या गाडीला टपावर कॅरिअर असेल तिच्यावर सायकल चढते, नव्या पद्धतीच्या गाड्यांना ते नसते, म्हणून आगारात आधी विचारा आणि सामानाचे तिकीट कंडक्टरकडून घ्या.

चाकआऊट

तीन मिलिमीटर चालतील, फक्त आधी चाकाचा आऊट पूर्ण काढून घ्या आणि नव्या टायरवर घराजवळ शे-दोनशे किलोमीटर फिरून पाहा. नवा टायर पहिल्या काही दिवसांत थोडा आणखी पसरतो. तरीही घासला, तर मागे २५ आणि पुढे २८ अशी जोडी लावा.

रेल्वे असो की एसटी, सायकल दुसऱ्याच्या हाती देण्याआधी मागचा डिरेलर हँगरवरून सोडवून घ्या. पाच मिलिमीटरची एकच ॲलन-की लागते. चेन तशीच राहू द्या, डिरेलर जुन्या कापडात गुंडाळून मागच्या दोन चाकदांड्यांच्या मधे आतल्या बाजूला बांधा, आणि पॅडल काढून पिशवीत ठेवा. डावे पॅडल उलट्या आट्याचे असते, त्यामुळे दोन्ही पॅडल सायकलच्या मागच्या बाजूला पाना फिरवून सुटतात.